टॅली सर्व्हरवर चालते, मग बाकीच्या संगणकांवर का नाही?

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल “टॅली उघडत नाही” एवढ्या निरोपावरून काहीच कळत नाही, आणि तरीही जिथे एकाच हिशेबावर अनेक संगणक काम करतात अशा बहुतेक कार्यालयांतून येणारा निरोप एवढाच असतो. कोणाच्या पडद्यावर लायसन्स सापडत नसल्याची सूचना असते, कोणाला कंपन्यांची, म्हणजे टॅलीत ठेवलेल्या हिशेबांची, यादी रिकामी दिसते, कोणाची कंपनी उघडते पण नोंद साठवताना अडते, तर कोणाला सगळे दिसते, फक्त मागच्या तारखेचे बिल दुरुस्त करता येत नाही. या चारही अडचणींची कारणे निराळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. चुकीच्या जागी केलेला उपाय निरुपद्रवी असतो असेही नाही. लायसन्सची अडचण असताना कोणी डेटा दुरुस्तीला घेतो, फोल्डरच्या परवानगीचा प्रश्न असताना कोणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतो, आणि मूळ अडचण तशीच राहून वर आणखी एक उभी राहते.

लहान आणि मध्यम व्यापारी पेढ्यांसाठी टॅलीची मांडणी आणि देखभाल करणे हे माझे काम आहे. पुढे जे लिहिले आहे ते अशाच पेढ्यांना धरून आहे: टॅलीप्राइमचे, म्हणजे टॅलीच्या सध्याच्या रूपाचे, अनेक संगणकांसाठीचे गोल्ड लायसन्स, तीन ते दहा संगणक, सगळीकडे विंडोज, आणि ज्याला सर्व्हर म्हणायचे तो बहुधा त्यांतलाच एक बऱ्यापैकी संगणक, ज्यावर कोणीतरी दिवसभर कामही करत असते.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्धी अडचण तिथेच सुटते. टॅलीचा डेटा सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये असतो आणि तो फोल्डर विंडोजच्या साहाय्याने इतरांना शेअर केलेला असतो. प्रत्येक संगणकावर टॅली स्वतंत्रपणे बसवलेली असते आणि प्रत्येक टॅली नेटवर्कवरून त्या एकाच फोल्डरमधल्या फायली थेट उघडते. म्हणजे एकच चोपडी चौघांनी चार बाजूंनी धरून लिहावी, तसा हा प्रकार आहे. कोण कुठल्या पानावर लिहितो आहे हे एकमेकांना कळावे म्हणून टॅली त्याच फोल्डरमध्ये टीएसएफ या नावाने संपणाऱ्या काही छोट्या फायली ठेवते. लायसन्स देणारा भाग मात्र याहून वेगळा आहे. टॅली गेटवे सर्व्हर नावाची एक सेवा विंडोजच्या पार्श्वभूमीला चालू असते आणि प्रत्येक संगणक सुरू होताना तिच्याकडे लायसन्स मागतो. डेटा आणि लायसन्स एकाच संगणकावर असले तरी तिथे पोहोचण्याच्या वाटा दोन आहेत. एक बंद पडून दुसरी चालू राहणे अगदी शक्य आहे, आणि रोजच्या कामात तसे वारंवार घडते.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वांवर? सर्वांवर असेल तर सर्व्हर किंवा स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या नेटवर्कच्या वायरी जिथे जुळतात ती पेटी, पाहावा. एकावरच असेल तर सर्व्हरला हात लावू नये, कारण जे चौघांना मिळते आहे ते देणारा सर्व्हर ठीक आहे. दुसरा प्रश्न: पडद्यावर नेमके काय लिहून आले आहे? ते वाचून न दाखवता फोनवर फोटो पाठवा, असे मी आवर्जून सांगते, कारण वाचून दाखवताना माणूस स्वतःला कळलेला अर्थ सांगतो आणि नेमका उपयोगाचा शब्द गळून पडतो. तिसरा प्रश्न: काल चालत होते आणि आज नाही, या दरम्यान काय बदलले? नवा राउटर, विंडोजचे अपडेट, बदललेला पासवर्ड, टेबलाची हलवाहलव, यांपैकी एखादी गोष्ट निघतेच.

लायसन्सची बाजू थोडक्यात सांगता येते. सिल्व्हर लायसन्स एका संगणकापुरते असते, गोल्डवर एकाच लॅनमधले, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या एकाच नेटवर्कवरचे, हवे तितके संगणक चालतात. लायसन्स न मिळालेली टॅली शैक्षणिक अवस्थेत उघडते आणि महिन्यातल्या पहिल्या-दुसऱ्यासारख्या मोजक्या तारखांखेरीज नोंद घेत नाही. “तारीख स्वीकारत नाही” ही तक्रार आली की मी आधी पडद्यावर लायसन्सची स्थिती पाहायला सांगते. गोल्ड असूनही असे होत असेल, तर सर्व्हरवर विंडोजच्या सेवांच्या यादीत टॅली गेटवे सर्व्हर चालू आहे का, आणि फायरवॉल, म्हणजे विंडोजचा नेटवर्कवरचा पहारेकरी, तिचा पोर्ट (ये-जा करण्याचे ठरलेले दार), जो सहसा ९९९९ असतो, अडवत तर नाही ना, हे पाहावे. दोन्ही ठीक असतील तर कारण बहुधा पत्त्याचे असते. मांडणी करणाऱ्याने लायसन्स सर्व्हरच्या जागी संगणकाच्या नावाऐवजी १९२.१६८.१.५ असा आयपी पत्ता लिहून ठेवलेला असतो, आणि वीज जाऊन आल्यावर राउटरने सर्व्हरला वेगळाच पत्ता दिलेला असतो. एक तर नाव वापरावे, नाही तर राउटरमध्ये तो पत्ता सर्व्हरसाठी कायमचा राखून ठेवावा. दर वेळी नवा पत्ता टाकत राहणे हा उपाय नव्हे.

फोल्डरची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे आणि तिथे सावकाश जावे लागते. कंपन्यांची यादी रिकामी दिसत असेल तर टॅली बंद करावी. तिचा आणि या तपासणीचा काही संबंध नाही. विंडोजच्या रन खिडकीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि सर्व्हरचे नाव लिहावे, आणि शेअर केलेला फोल्डर उघडतो का ते पाहावे. उघडला, तर आत एक कोरी मजकूर फाइल तयार करून, तिच्यात एक अक्षर लिहून, ती साठवून, मग पुसून पाहावी. मिनिटभराच्या या कामातून फार मोठा उलगडा होतो. फोल्डरच उघडत नसेल तर प्रश्न ओळखीचा किंवा नेटवर्कचा आहे. फोल्डर उघडतो पण फाइल तयार होत नसेल तर प्रश्न परवानगीचा आहे. तिन्ही गोष्टी होत असतील तर मगच टॅलीकडे वळावे.

ओळखीच्या प्रश्नात माणसे सर्वांत जास्त अडकतात. सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि कर्मचारी रोज संगणक उघडताना टाकतो तो चार आकडी पिन टाकून मोकळा होतो. पिन त्या एका संगणकापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्या खात्याने तर नेटवर्कवरून आत येता येत नाही, कारण पासवर्ड नसलेले खाते फक्त त्या संगणकासमोर बसूनच वापरता यावे अशी विंडोजची मूळ मांडणी आहे. आणि सर्व्हरवरचा पासवर्ड बदलला असेल, तर बाकीच्या संगणकांनी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवलेला जुना पासवर्ड ते निमूटपणे पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. तो तिथून काढून नवा भरला की काम होते.

या सगळ्या कटकटीतून सुटका म्हणून अनेक ठिकाणी पासवर्डशिवाय शेअरिंग चालू केलेले असते, म्हणजे कोणीही पाहुणा म्हणून आत यावे. अनेक वर्षे हे चालून गेले. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या अखेरीपासून, प्रो प्रकारात अशा पाहुण्या प्रवेशाला मूळ मांडणीतच नकार दिला जातो आणि नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला डिजिटल स्वाक्षरीची अटही लागते. त्यामुळे दुकानात नवा लॅपटॉप आला की जुने चार संगणक चालतात आणि नवाच चालत नाही, आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. इंटरनेटवर ही बंधने काढून टाकण्याच्या आज्ञा सहज सापडतात. त्या वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हरवर प्रत्येकासाठी पासवर्डसह एक साधे खाते उघडायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि ते एकदा केले की ही अडचण मुळातून जाते.

परवानगीचे दोन थर असतात, आणि हे ठाऊक नसल्याने बराच वेळ वाया जातो. शेअरिंगची परवानगी वेगळी आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधली परवानगी वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंतली जी कडक असेल ती लागू होते. सर्व्हरवरच बसलेल्या माणसाला शेअरिंगचा थर लागतच नाही, म्हणून त्याच्याकडे सगळे सुरळीत चालते आणि तो सद्भावनेने सांगतो की सर्व्हरवर तर काहीच अडचण नाही. टॅलीला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा आणि फायली पुसण्याचाही अधिकार लागतो, कारण त्या टीएसएफ फायली ती सतत तयार करते आणि काढून टाकते. केवळ वाचण्याची परवानगी देऊन ‘फक्त रिपोर्ट पाहणारा’ युजर तयार करण्याचा प्रयत्न म्हणूनच फसतो. ती मर्यादा फोल्डरवर घालायची नसते, टॅलीच्या आत युजरच्या अधिकारांत घालायची असते.

एक प्रकार मुद्दाम जवळून दाखवते. एका कार्यालयात डेटाचा फोल्डर सर्व संगणकांवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता. एका संगणकावर एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह दिसत होता, आत फायली दिसत होत्या, मजकूर फाइल लिहूनही होत होती, आणि टॅली मात्र तो मार्ग अस्तित्वातच नाही असे सांगत होती. तिथल्या आयकॉनच्या गुणधर्मांत ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण केलेली होती. पूर्वी कधीतरी दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून कोणीतरी ती केली असावी. विंडोजमध्ये साध्या युजरने जोडलेले ड्राइव्ह अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला मूळ मांडणीत दिसत नाहीत. खूण काढली आणि टॅली उघडली. तेव्हापासून मी ड्राइव्हचे अक्षर वापरतच नाही. टॅलीच्या डेटा पाथमध्ये सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण मार्ग लिहिते. सकाळी संगणक सुरू झाल्यावर ड्राइव्हवर येणारी तांबडी फुलीही त्यामुळे टळते.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवते, कारण ती वाढत्या पेढ्यांना अचानक भेटते. सर्व्हरवर सर्व्हर प्रकारातली विंडोज नसून साधी प्रो असेल, तर तिला एका वेळी २० जोडण्याच घेता येतात. सहा-सात संगणकांच्या पेढीला २० पुरेसे वाटतात. पण त्याच संगणकावरून प्रिंटर शेअर केलेला असतो, स्कॅनर त्याच्याच फोल्डरमध्ये कागद टाकत असतो, आणि एखाद्या गर्दीच्या दुपारी नव्याने येणाऱ्याला जागा नसल्याचा निरोप मिळतो. एक-दोन संगणक बंद केले की चालते, मग पुन्हा बंद पडते, आणि असे अधूनमधून होणारे दोष शोधणे सर्वांत त्रासाचे असते.

असाच अधूनमधून होणारा एक दोष सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात पाहिला. हळदीचे सौदे आटोपले की दुपारनंतर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, करण्याची घाई असते. तोलाई, हमाली वजा करून पट्टी हातात पडेपर्यंत शेतकरी समोर बसून असतो. अशा वेळी काउंटरवरच्या दोन संगणकांवर टॅली मध्येच तुटत असे, पुन्हा उघडताना टीएसएफ फाइल वापरता येत नसल्याचा निरोप येई, आणि आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर मात्र काहीच होत नसे. दिवाणजी वयस्कर आणि बारकाईने पाहणारे होते. ते म्हणाले, “मॅडम, लाइट जाते तेव्हाच होतं हे. पण लाइट गेली तरी आमचा एकही कॉम्प्युटर बंद पडत नाही, मग टॅलीच का बंद पडते?” प्रश्न अगदी बिनतोड होता आणि उत्तरही त्यातच होते. संगणकांना सर्वांना यूपीएस होता. पण नेटवर्कचा छोटा स्विच माळ्यावर, साध्या बोर्डात खोचलेला होता, आणि इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतच्या क्षणात तो बंद होऊन पुन्हा सुरू होत असे. संगणक चालू राहत, पण मधली वाट तुटे. अर्धवट राहिलेल्या नोंदीची खूण फोल्डरमध्ये तशीच पडून राही आणि टॅलीला वाटे, कोणीतरी अजून आत आहे. स्विचची वायर सर्व्हरच्या यूपीएसवर घेतली.

अशा मागे राहिलेल्या खुणांबद्दल काळजीने सांगितले पाहिजे. सर्व संगणकांवरची टॅली पूर्ण बंद करून, खरोखर सर्व बंद झाल्या आहेत याची खात्री करून, मगच कंपनीच्या फोल्डरमधल्या टीएसएफ फायली काढता येतात. त्या पुढच्या वेळी आपोआप तयार होतात. कोणी आत काम करत असताना त्या काढणे धोक्याचे आहे. ‘सगळ्यांनी बंद केले’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्सची यादी असते, तिथे नेटवर्कवरून कोणत्या युजरने कोणती फाइल धरून ठेवली आहे हे नावानिशी दिसते. जेवायला गेलेल्या माणसाचा मिटवलेला लॅपटॉप तिथे हटकून सापडतो. सर्वांसाठी एकच विंडोज खाते वापरले असेल, तर या यादीत एकच नाव सर्व ओळींवर दिसते आणि यादीचा निम्मा उपयोग संपतो.

वायफायवरून टॅलीत नोंदी करणे मी शक्य तिथे थांबवते. रिपोर्ट पाहायला हरकत नाही, पण फायली थेट उघडून लिहिणाऱ्या व्यवस्थेत क्षणभर तुटलेली जोडणीसुद्धा महाग पडते. त्याहून ठामपणे सांगायचे तर टॅलीचा चालू डेटा वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन गावांतल्या शाखांनी तो वापरणे, हा मार्ग पूर्ण चुकीचा आहे. या सेवा फाइल पूर्ण झाल्यावर तिची प्रत पाठवतात. दोन्हीकडे एकाच वेळी काम झाले तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात, आणि दोन्हींतल्या नोंदी एकत्र करण्याचा कोणताही सरळ उपाय उरत नाही. टॅलीचा रोजचा बॅकअप अशा फोल्डरमध्ये ठेवणे मात्र उत्तम.

आवृत्तीचा मुद्दा चटकन संपतो. सर्व संगणकांवर टॅलीची एकच आवृत्ती हवी. एकाने अपडेट स्वीकारले, डेटा नव्या रचनेत गेला, की जुन्या आवृत्तीच्या संगणकांना ती कंपनी वापरता येत नाही. अपडेट कोणी करायचे आणि कोणत्या दिवशी, हे ठरलेले असावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. वरच्या बहुतेक अडचणींवर बाजारात एक झटपट उपाय चालतो: फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार, फायरवॉल बंद, आणि टॅलीत सर्वांसाठी मालकाचाच एक अ‍ॅडमिन पासवर्ड. असे केले की काम ताबडतोब सुरू होते हे खरे आहे, म्हणूनच ते होत राहते. घाईत असलेल्या दुकानदाराला दुसरे काही नको असते आणि त्याला दोष देता येत नाही. पण या उपायाची किंमत मालकापेक्षा टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला जास्त मोजावी लागते, आणि ती त्याला विचारून लावलेली नसते.

एका पेढीत जुन्या तारखेच्या काही विक्री बिलांच्या रकमा बदललेल्या आढळल्या. जीएसटीचे विवरण भरून झालेले होते, त्यामुळे पुस्तके आणि विवरण यांत फरक पडला आणि चौकशी सुरू झाली. टॅलीत युजर एकच होता, पासवर्ड पाच जणांना ठाऊक होता, आणि नोंदी करण्याचे काम मुख्यतः एका तरुण मुलीकडे होते. संशय तिच्यावरच गेला. ती सांगत होती की मी हे केलेले नाही, आणि तिला ते सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण कोणत्याही नोंदीवर कोणाचीच ओळख नव्हती. पुढे कळले की परगावच्या वसुलीच्या माणसाने ग्राहकाशी झालेली तडजोड थेट मूळ बिलात बसवली होती. त्याचाही हेतू वाईट नव्हता, अशा वेळी क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम कमी केल्याची वेगळी नोंद, करायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. पण तोवर त्या मुलीने कित्येक दिवस शरमेत काढले होते. वेगवेगळे युजर असते तर हे कधीच इतके लांबले नसते.

टॅलीत यासाठी सगळी सोय आहे. कंपनीच्या माहितीत युजरवर नियंत्रण चालू करावे, मग ऑल्ट आणि के दाबून येणाऱ्या कंपनी मेनूत आधी युजर रोल्स आणि मग युजर्स अँड पासवर्ड्स भरावेत. बिले करणाऱ्याला कोणत्या व्हाउचरमध्ये, म्हणजे विक्री, खरेदी अशा कोणत्या प्रकारच्या व्यवहारात, नोंद करता येईल, बदल करता येईल का, किती दिवस मागची तारीख टाकता येईल, हे प्रत्येक रोलसाठी ठरवता येते. हे केल्यावर पहिले काही दिवस नवीन तक्रारी येतात, कारण ज्या कामाचा अधिकार नाही तो पर्याय मेनूत अनेकदा दिसतच नाही आणि माणसाला वाटते सॉफ्टवेअर बिघडले. म्हणून कोणाला काय दिले आणि काय दिलेले नाही, हे ज्याचे त्याला आधी बसून सांगावे. तो अधिकार कमी का ठेवला हेही सांगावे. कारण समजले की माणसे त्याचा अपमान मानत नाहीत.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना तर यात निवडच राहिलेली नाही. कंपनीज (अकाउंट्स) रूल्स, २०१४ च्या तिसऱ्या नियमात झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, प्रत्येक व्यवहाराच्या बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता येणार नाही असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, आणि ऑडिटरला त्याबद्दल आपल्या अहवालात लिहावे लागते. टॅलीप्राइमचा एडिट लॉग प्रकार त्यासाठीच आहे. साध्या टॅलीप्राइममध्येही एडिट लॉग चालू करता येतो. मालकी किंवा भागीदारीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही, तरी मी त्यांनाही एडिट लॉग चालू ठेवायला सांगते. मात्र सर्वजण एकाच नावाने आत येत असतील तर लॉगमध्ये प्रत्येक बदलापुढे तेच एक नाव छापले जाईल, आणि नियम पाळल्याचे समाधान मिळूनही कोणाला काहीही कळणार नाही.

बिलांच्या क्रमांकाबद्दलही येथेच सांगते, कारण तो अनेक जणांनी मिळून काम करण्याचाच प्रश्न आहे. दोन काउंटरवर दोघांनी एकाच वेळी विक्रीचे व्हाउचर उघडले तर दोघांना पडद्यावर एकच पुढचा क्रमांक दिसतो. स्वयंचलित क्रमांक असेल तर जो आधी साठवतो त्याला तो मिळतो आणि दुसऱ्याला त्यापुढचा. त्यामुळे साठवण्यापूर्वी पडद्यावरचा क्रमांक पाहून तो चलनावर हाताने लिहू नये. मधल्या तारखेला बिल घातल्यावर किंवा पुसल्यावर पुढचे क्रमांक सरकू नयेत, यासाठी टॅलीप्राइम ३.० पासून व्हाउचर प्रकारात मूळ क्रमांक कायम ठेवण्याची निवड मिळते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव असावा लागतो, म्हणून विक्रीसाठी तीच निवड ठेवावी. प्रत्येक काउंटरला वेगळा व्हाउचर प्रकार आणि वेगळी मालिका दिली तर हा सगळा गोंधळच राहत नाही.

डेटा दुरुस्तीचा पर्याय मी शेवटी लिहिते आहे, कारण त्याचा क्रमांक शेवटीच लागतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूत रिपेअर मिळतो. एकाच संगणकावरची अडचण असेल तर त्याची गरज नसते. सर्व्हरवरसुद्धा कंपनी उघडताना किंवा ठरावीक अहवाल काढताना चूक येत असेल, तरच तिकडे जावे. आधी बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या ठिकाणी उतरवून खरोखर उघडतो का ते पाहावे, सर्वांना बाहेर काढावे, आणि दुरुस्ती सर्व्हरवर बसूनच करावी, नेटवर्कवरून नव्हे. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर ताळेबंदाची आणि प्रत्येक महिन्यातल्या व्हाउचरच्या संख्येची छापील प्रत काढून ताडून पाहावी. मार्चअखेर किंवा विवरणाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये.

पेढी वाढून दहा-बाराहून अधिक माणसे रोज नोंदी करू लागली, तर फोल्डर शेअर करण्याची ही पद्धत ताणली जाते. तेव्हा टॅलीप्राइम सर्व्हर हे वेगळे उत्पादन पाहण्यासारखे आहे. त्यात डेटाला थेट हात फक्त सर्व्हरच लावतो, युजरना डेटाचा फोल्डर उघडा द्यावा लागत नाही, आणि कोण आत आहे हे टॅलीतच दिसते. घरून काम करण्यासाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे कार्यालयातला संगणक दुरून चालवण्याची विंडोजची सोय, वापरायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. साध्या प्रो विंडोजवर एका वेळी एकालाच बसता येते, दुसरा आला की पहिला बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडताना अर्धे भरलेले व्हाउचर तसेच राहते. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडा ठेवू नये. खंडणीखोर सॉफ्टवेअर आत घुसण्याची ती फार जुनी आणि सर्वांना माहीत असलेली वाट आहे, आणि शेअर केलेला टॅलीचा फोल्डर त्याच्या हाती सर्वांत आधी लागतो. घरून येणाऱ्यांसाठी आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणारी सुरक्षित वाट, जोडावे आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप चालवावा. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, आणि नोकरी सोडून जाणाऱ्याची विंडोज, व्हीपीएन आणि टॅली या तिन्ही ठिकाणची खाती त्याच संध्याकाळी बंद करावीत.